टाकीतलं वरचं पेट्रोल

माझे बाबा पंपावर पेट्रोल तपासायचे. खुणांच्या काचेच्या नळीत पेट्रोल घ्यायचं, त्यात थोडं पाणी ओतून हलवायचं आणि थांबायचं. पेट्रोलमधलं अल्कोहोल पाण्याला जाऊन मिळतं आणि खालचा थर वाढतो. जितका वाढेल तितकं अल्कोहोल. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस नळीचा विषय निघाला की आवरत नसे. जेवताना आम्ही मुकाट्याने ऐकायचो.

एका सकाळी थर जेमतेम वाढला. बाबा खूश! "आज माल एकदम शुद्ध," त्यांनी मालकांना सांगितलं. नमुना मात्र टाकीच्या वरच्या भागातून घेतलेला. तळाशी सोडायची बाटली जड, त्यात गुडघे कुरकुरत होते, म्हणून कंटाळा केला.

दुपारी समोरच्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन, पंपावर पेट्रोल भरून गेलेल्या गाड्या ढकलत परत यायला लागल्या. गॅरेज माझ्या काकाचं, बाबांच्या धाकट्या भावाचं. "दादा, पेट्रोलमध्ये पाणी आहे रे," काका म्हणाला.

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "मी स्वतः तपासलंय. तुझं काम चुकलंय, ते पंपावर ढकलू नकोस."

गिऱ्हाइकांनी नळीवर विश्वास ठेवला आणि गाड्या दुसरीकडे नेल्या.

संध्याकाळी बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीतूनच मिसळून येणारं रोजचं अल्कोहोल आज गेलं कुठे? टाकीत पाणी शिरलं की ते अल्कोहोलला ओढून घेतं आणि दोन्ही तळाशी बसतात. वर उरतं ते ‘शुद्ध’, पण गाड्यांत जातं ते तळाकडचं. धावतपळत जाऊन त्यांनी तळाचा नमुना काढला. बाटलीत गढूळ पाणी होतं.

"टाकी साफ करून घेऊ, पण बोभाटा नको," मालक म्हणाले. बाबांनी मान डोलावली. घरी जेवताना त्यांनी हे सगळं सांगितलं. माझी नुसती चिडचिड झाली.

"काकाचं नाव गेलं आणि तुम्ही मान डोलावून आलात?" मी म्हटलं. "मला तुमची लाज वाटते, बाबा."

ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पंपावर न जाता थेट गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग होते. काकाने काल तशीच बंद पडलेली स्वतःचीच गाडी पूर्ण खोलली होती. सुटे भाग फडक्यावर मांडून तो एकेक उचलून बघत होता.

"बरं झालं आलास, दादा," मान वर न करताच तो म्हणाला. "तू तपासलंस म्हणजे पेट्रोल चांगलंच असणार. मग माझ्या हातून नेमकं काय चुकलं, तेवढं शोधायला मदत कर."