खारींचा शेवटचा पूल

तो खेळ घरात आला तेव्हा सगळ्यात जास्त बोंब मीच मारली होती. मेव्हण्यानं पुण्याहून आणला, टीव्हीला जोडला, दोन रिमोट काढले. एक माझ्या बायकोच्या हातात दिला, एक आमच्या सहा वर्षांच्या पोरीच्या. म्हणाला, "आईबापानं पोरांबरोबर मिळून खेळायचा आहे हा. यात एकमेकांना हरवायचं नसतं." मी म्हणालो, "मग खेळायचा कशाला?" जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत आधीच औषधांचा वास, त्यात ही टीव्हीची कटकट.

बायकोला कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. म्हणजे काय ते मला कळलं. तिलाही कळलं असणार. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

खेळ असा : एक मोठी खार, एक छोटी, दोघींच्या कमरेला एकच दोरी. एकीनं फाटक धरून ठेवायचं, तोवर दुसरीनं पलीकडं जायचं. छोटी पडली की मोठीनं दोरी ओढून वर घ्यायची. असं जंगल, ओढे, डोंगर करत शेवटी एक झुलता पूल, आणि पुलापलीकडं दिवा लावलेलं घर. घर गाठलं की खेळ संपला. बायको मोठी खार व्हायची. उशीला टेकून बसायची, डोक्याला स्कार्फ, आणि पोरगी पडली की ओरडायची, "थांब गं माझे बाय, ओढते!" ती अक्कलकोटची. जास्तच रंगात आली की कानडीत ओरडायची, आणि पोरगी खिदळायची. मी ऑफिसातून येऊन दारात बूट काढत ते ऐकायचो. मला वाटायचं, अरे, ही एवढी हसते आणि माझ्याकडं बघून कधीच कशी नाही हसत? हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

महिनाभर दोघी त्या पुलावरच अडकल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसं वाटतंय? बायको म्हणायची, "अजून शेवटचा पूल राहिलाय आमचा." लोक पोरीसाठी म्हणून हसायचे. माझ्या मात्र ते काळजात रुतून बसलं. मी म्हटलं, बाईची इच्छा राहिली ही. एवढी एक साधी इच्छा.

मी करमाळ्याकडचा. आमच्यात नवस बोलणारा आणि फेडणारा एकच असावा लागतो असं काही नाही. माझ्या आईनं कमलाभवानीला अनवाणी चालत येईन म्हणून बोललं होतं आणि ऐन वेळी तिचा पाय मोडला. तिच्याऐवजी मी चालत गेलो, दहावीत होतो. परत आलो तर आई म्हणाली, "फिटला बघ माजा नवस. घरच्या माणसानं फेडला की देवीला पोचतो." ते माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं.

मग एका रविवारी दुपारी बायकोच्या हातातून रिमोट गळून पडला. बोटं वळेनात. ती आतल्या खोलीत जाऊन पडली. मी तो रिमोट उचलला आणि पोरीला म्हटलं, "चल, आईसाठी आपण पुरा करू." ती छोट्या खारीचा रिमोट घेऊन बसली.

पुलावर आलो की ती पडायची. मी ओढायचो, ती पडायची. दहा वेळा, पंधरा वेळा. माझा पारा चढला. "लक्ष कुठंय तुझं? मुद्दाम पडतेस काय गं?" ती टीव्हीकडं बघत बसली. डोळ्यांत पाणी. ते पाणी बघूनही मला शहाणपण सुचलं नाही. मी तिच्या हातातला रिमोट हिसकावला. एक रिमोट मांडीवर, एक हातात, दोन्ही खारी मी एकट्यानं चालवल्या आणि पूल ओलांडला. खारी घरात गेल्या, दार लागलं, गाणं वाजलं. मी मोठ्यानं आत ओरडलो, "ऐकलंस का? संपवला बघ खेळ!"

पोरगी किंचाळली. तसलं किंचाळणं मी तिच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं. धावत आत गेली, आईच्या अंगावर पडली. "आई, मी नाही संपवला, पप्पांनी संपवला! तू म्हणाली होतीस ना, खेळ संपेपर्यंत मी कुठं जात नाही?"

मी दारात उभा. बायकोनं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे गं. परत पहिल्यापासून लावू की."

चौथ्या दिवशी ती गेली.

दहावा गावी केला. पोरीला ओढ्यावर आणू नका म्हणत होते सगळे, पण ती ऐकेना. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. चुलत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, कायबी इच्छा राहिली न्हाय तिची." पोरगी माझ्या शेजारीच होती. म्हणाली, "कशी राहील? पप्पांनी खेळ संपवला ना." चुलत्याला काही कळलं नाही.

नंतर मी तिला समजावलं. आजार काय असतो, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही संपवला कशाला?" ते आठवलं की आजही मी स्वतःवर चरफडतो, भिंतीवर हात आपटतो.

वर्षभर टीव्हीखालच्या कप्प्यातल्या त्या खेळाला तिनं हात लावला नाही. मागच्या महिन्यात मला दोन दिवस ताप होता, मी घरीच पडून होतो. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दोन्ही रिमोट घेऊन माझ्या पलंगाशी उभी राहिली. मोठ्या खारीचा रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाली, "पहिल्यापासून लावलाय."

आता आम्ही रोज खेळतो. कालच पुलावर पोचलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, पलीकडं जायचं नाही हं." आणि मुद्दाम पडली. मी तिला वर ओढून घेतलं. मग मीही पडलो.