पलंगावरची एरियल

आमच्या सुपे गावच्या मामाइतका हवेवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. रेडिओची सगळी स्टेशनं हवेत असतातच, कमी पडते ती तार, असं तो मानायचा. नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत कारखान्यातली पाळी संपवून तो प्रवासाला निघाला, की एका खांद्याला ट्रान्झिस्टर आणि दुसऱ्या खांद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं. एसटीत तार खिडकीच्या गजाला गुंडाळायची, पाहुण्यांकडे धुण्याच्या तारेला जोडायची. भिंगारला आमच्या घरी त्याने बातम्यांसाठी माझ्या आईच्या ओल्या साड्या खाली उतरवल्या होत्या. "साडी उद्याबी वाळंल, आक्का. बातमी शिळी व्हती," हे वर.

माझ्या मोठ्या भावाचं लग्न जिल्ह्यातल्याच बेलापूरला झालं. परतताना वऱ्हाड टेम्पोत आणि टपावर सासरकडून आलेला लोखंडी पलंग. मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो. पलंग घेणं म्हणजे हुंडाच, असं सकाळपासून सगळ्यांना सुनावत होतो. मामाचं चित्त मात्र घड्याळात. त्याची लेक शोभा पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होती आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच रेडिओवर बोलणार होती. रेडिओतून तर नुसती खरखर. मामाने टेम्पो थांबवला, इंजिन बंद करायला लावलं, रेडिओ माझ्या मांडीवर ठेवला आणि तार घेऊन टपावर चढला.

"आता हुंड्याच्या पलंगावर..." मी सुरू केलं.

"भाषन मागनं कर. रेडिओ हलवू नको!"

तार पलंगाला बांधून भागलं नाही. तिचं टोक उंच धरून मामा पलंगावर उभा राहिला, तेव्हा कुठे आवाज आला. "अगं बया, आपली शोभी!" आई ओरडली. मामा तार सोडून खाली झेपावला, तशी शोभा गेली. परत चढला, शोभा आली. सेल उतरलेले, त्यामुळे आवाज वर पोचेना. मी तार धरतो म्हणालो.

"तू नगं. तुला हात हलवल्याबिगर बोलता येत न्हाई," मामा म्हणाला. "काय म्हनती ती?"

सगळे रेडिओला कान लावून बसलेले, सांगणार कोण? शेवटी, लग्न लागल्यापासून एक शब्द न बोललेल्या नव्या नवरीने टेम्पोबाहेर डोकं काढलं.

"मामा, हॉस्टेलात पानी येत न्हाई म्हनतात. समद्या पोरींनी रिकाम्या बादल्या साहेबाच्या दारात नेऊन ठिवल्या!"

मी टाळी वाजवली.

"सुट्टीला आली की समदं बरं हाय म्हनती," मामा म्हणाला. मग, "आवाज रडका हाय का गं?"

"न्हाई वो. लई खनखनीत."

कार्यक्रम संपून गाणं लागलं. "मामा, उतरा आता," भाऊ म्हणाला. मामा उसाच्या फडांपलीकडे बघत, तार धरलेला हात वर ठेवून तसाच उभा होता.

"थांब रं जरा. आनखी काय बोलली तर?"

ड्रायव्हरने किल्लीला हात लावला नाही.