मोरीतला कडबा

शामराव तायडे जळगावकडचे, रेल्वेत मुकादम. बदली होऊन जयपूरजवळ बस्सीला आले तेव्हा इथले लोक त्यांना 'मेटजी' म्हणू लागले. आठ माणसांची टोळी, अकरा किलोमीटरचा रूळ आणि रुळाखालून पाणी जायच्या सहा मोऱ्या, एवढाच त्यांचा संसार. बायको रत्नमाला म्हणायची, "घरातलं मीठ संपलेलं यांना कळत नाही, पण चौथ्या मोरीत कुत्री व्यालेली बरोबर कळते."

जून लागला की ते टोळीकडून सगळ्या मोऱ्या साफ करून घेत. घटकेत फुगणारे नाले लहानपणापासून पाहिलेला माणूस. पाचव्या मोरीच्या वरच्या अंगाला धूणपुरा नावाचं साठ घरांचं गाव होतं. तिथले लोक बांधावर बसून हसायचे. "मेटजी, धूळ झाडताय का?" त्यांचंही खरंच होतं म्हणा. त्या नाल्यात पाणी वाहताना पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली होती.

२००२ साली तर पाऊसच झाला नाही. लोक चाऱ्याला कुलूप लावू लागले. गावातल्या कजोड़ने आपल्या दोन म्हशींसाठी कुठूनसा बाजरीचा कडबा मिळवला आणि चोरीच्या भीतीने पाचव्या मोरीत ठेवू द्या म्हणून गळ घातली. जागा कोरडी, थंड, गावाच्या नजरेआड. शामराव हो म्हणाले. पुढच्या जूनला मोरी मोकळी करायला सांगायला गेले, तर म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या. "एक महिना, मेटजी. पुरवून पुरवून घालतोय." शामरावांनी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. त्या वर्षी पाचच मोऱ्या साफ झाल्या. इतकी वर्षं चेष्टा सोसून पाळलेला नेम भल्या माणसाने मोडला तो असा, दयेपोटी.

जुलैत अचानक धो धो पाऊस कोसळला आणि एका दुपारी वरच्या अंगाचा जुना मातीचा बांध फुटला. कडबा भिजून फुगला, मोरीला बूच बसलं आणि पाणी माघारी गावात शिरलं. शामराव कमरेला दोर बांधून उतरले आणि तीन तास पेंढ्या ओढत राहिले. मोरी सुटली. तोवर तेरा घरं बसली होती, आणि गावातल्या नाथीचा लकव्याने अंथरुणाला खिळलेला नवरा खाटेसकट भिंतीखाली गेला होता.

कडबा पुरातच वाहत आला असं गाव धरून चाललं. कजोड़ने तर शपथच घातली, "बोललात तर गाव मला थारा देणार नाही." रत्नमालाचं म्हणणं वेगळं. "बोलून माणूस परत येणार आहे का? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या." दोघांचंही चुकीचं म्हणता येत नव्हतं, हीच तर पंचाईत.

तिसऱ्या दिवशी शामराव नाथीला भेटायला गेले. घर उरलं नव्हतं, म्हणून तिला शाळेच्या खोलीत बसवलं होतं. तिकडे नवरा गेला की बाई महिनोन्‌महिने कोपरा धरून बसते, उंबरा ओलांडत नाही. ओढणीच्या आडून तिने मोरीबद्दल एकच विचारलं, "मेटजी, पुलिया बंद कैसे हुई?"

"पानी बहुत था," शामराव म्हणाले आणि उठले.

त्यानंतर ड्यूटी संपली की ते रोज धूणपुऱ्यात जाऊ लागले. कुजका गहू उपसला, मेलेल्या शेळ्या पुरल्या, भिंती उभ्या करायला हात लावला. शाळेची खोली तेवढी टाळली. जितके राबले तितकं गाव त्यांना डोक्यावर घेऊ लागलं आणि तितकी त्यांची झोप उडाली. पाप कष्टाने फिटतं असं त्यांना वाटलं होतं. इथे तर उलट मानच वाढत चालला.

तेविसाव्या दिवशी गावाने सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात जाजम अंथरलं, ढोल आला. एका म्हाताऱ्याने शामरावांच्या डोक्याला केशरी साफा गुंडाळायला घेतला. हार घेऊन उभा होता कजोड़. साफ्याचे चार वेढे झाले. आता गप्प राहिलो तर जन्मभर गप्प, हे त्यांना लख्ख कळलं. "एक मिनिट," म्हणत ते अर्ध्या साफ्यानिशी उठले आणि तडक खोलीत शिरले.

नाथी कोपऱ्यातच होती.

"बाई, मी खोटं बोललो. कडबा वाहून आला नव्हता. मोरीत ठेवायला मीच परवानगी दिली होती. जूनमध्ये काढायला हवा होता, काढला नाही." हिंदी-मराठीची खिचडी झाली, पण निरोप पोचला.

तिने ओढणी मागे सारली.

"मुझे मालूम है. ढोया तो मैंने ही था."

एका शेळीला पुरेल एवढ्या चाऱ्याच्या मजुरीवर कजोड़ने तिला कामाला लावलं होतं. भर उन्हात, गाव झोपलेलं असताना, दोन दिवस तिने डोक्यावरून पेंढ्या वाहिल्या होत्या आणि मोरीत आतपर्यंत दाबून बसवल्या होत्या. "आपसे पूछा था," ती म्हणाली, "कि कोई और भी जानता है, या मैं अकेली ही हूँ."

शामरावांना रडू फुटलं. लाज वाटली ती खोटं बोलल्याची नव्हे. या बाईला तेवीस दिवस एकटं टाकल्याची वाटली.

"मी बाहेर जाऊन सांगतो," ते म्हणाले. "तुमचं नाव घेणार नाही."

नाथी भिंतीला हात टेकून उठली. दाराशी बसलेल्या बायका "अरी, बैठ, बैठ" करत राहिल्या, आणि ती उंबरा ओलांडून पटांगणात आली. ढोल थांबला. म्हातारे उभे राहिले. कजोड़च्या हातातला हार खाली आला. शामरावांनी घसा खाकरला, पण ते तोंड उघडायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली होती.