डाव्या अंगाला पाणी पिणारी बोट

या बोटीचे किस्से आमच्या गॅरेजमधल्या लाकडाच्या भुशासारखे. झाडून काढावेत, तर तासाभरात पुन्हा तेवढेच!

अमेरिकेत ट्रॉयला राहायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये कॅटमरान बांधायला घेतली. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मधे जोड, वर शीड. दोन हिवाळे गाडीवरचा बर्फ मी खरवडला.

तळ्यावरच्या क्लबात या बोटींचे नियम एका पानावर मावायचे. लांबी, रुंदी, शिडाचं माप ठरलेलं. बाकी डोकं चालवा! मापं घेणारा फ्रँक, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, सगळ्यांना ऐकवायचा, "पानावर नाही, त्याला मनाई नाही!"

मग एखादा पैसेवाला महागडी बोट आणून सगळ्यांना हरवेल की! त्यावरही तोड होती. सीझनच्या शेवटच्या रेसनंतर कुणीही मेंबर कॉफीच्या डब्यात चिठ्ठी टाकून कुणाचीही बोट ठरलेल्या, बेताच्या किमतीला विकत मागू शकायचा. नाही म्हणाल, तर क्लबातून बाहेर. म्हणजे गेली तर सोसेल, एवढाच खर्च करा.

नियम झकास. फक्त कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता!

*

तिथे कौतुक म्हणजे धमकी. वॉल्टर नावाचा डेंटिस्ट एकदा आमच्या बोटीला "नाइस" म्हणाला. श्रीकांतचं जेवणात लक्ष नाही.

"नाइस का म्हणाला?"

"अरे, सभ्य माणूस आहे."

"नुसतं नाइस नाही. वाकून बघून नाइस!"

*

म्हणून प्रत्येक जण आपल्याच बोटीला नावं ठेवायचा. वॉल्टर स्वतःच्या बोटीला बाथटब म्हणे. श्रीकांतने आमच्या बोटीला किचनचा उरलेला पिवळा रंग फासला आणि विचारेल त्याला सांगू लागला, "कसली बोट! डाव्या अंगाला पाणी पिते."

थेंब येत नव्हता. मी स्वतः स्पंज घेऊन आत बसले होते!

*

एकदा नागपूरच्या देशपांडे काकू पिकनिकला आल्या. "अगं बाई, काय देखणी!" आणि मग तेच इंग्लिशमध्ये, वॉल्टरच्या देखत.

"काकू, पुरे, पुरे!" श्रीकांत कळवळला.

"लाजतोस काय? तूच केलीस ना?"

*

दृष्टबिष्ट मी मानत नाही. एम.एस्सी. आहे. पण चार वर्षांच्या मुग्धाला तीट लावते, तशी त्या दिवशी हळूच बोटीच्या नाकाडालाही काजळाची लावली. पुढच्या शनिवारी फ्रँक भिंग घेऊन गुडघ्यांवर!

"क्रॅक?"

मी पुसायला धावले. श्रीकांत मराठीत पुटपुटला, "हात लावू नकोस! तडा समजू दे."

त्यानंतर दर शनिवारी काजळाची डबी तोच मागून न्यायचा.

*

संशयाची लागण मलाही झाली.

"ठरलेल्या किमतीतच बांधलीस ना रे?"

"ऑफकोर्स!"

मग डोलकाठी मुग्धापेक्षा हळुवार का उचलतो? बोट गेली तर गॅरेज मोकळं, याचा मला आनंद होईल की काय, अशी माझीच मला शंका यायची. तो मात्र एकदाच म्हणाला, "गेली तर पुन्हा नाही बांधणार. दोन हिवाळे कुठून आणू?"

*

शेवटची रेस श्रीकांत जिंकला! धक्क्यावर फ्रँकने डबा उघडला. दोन चिठ्ठ्या. दोन्ही पिवळ्या बोटीसाठी.

वरची वॉल्टरची. श्रीकांत मटकन खाली बसला.

"खालची आधी पडली, तीच धरायची," म्हणत फ्रँकने चष्मा पुसला आणि माझं नाव वाचलं.

"मॅडम, तुम्ही मेंबर?"

"मंगळवारपासून."

"आणि नवऱ्याचीच बोट?"

"पानावर मनाई आहे?"

फ्रँकने पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"मॉमी, इज इट युअर बोट नाउ?" मुग्धाने विचारलं. श्रीकांत माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जी त्याने आजवर फक्त वॉल्टरसाठी राखली होती.

वॉल्टर हात पुढे करत आला. "नाइस बोट, मॅडम."

"कसली बोट!" मी म्हटलं. "डाव्या अंगाला पाणी पिते."