तुडुमाची चावी कोणाकडे?

सरकारनं सोमा पाणकराला फसवलं. विधानसभेत फसवलं, छापून फसवलं. मी त्याचा साक्षीदार आहे आणि थोडा गुन्हेगारही, कारण ज्या कुलपामुळं हे सगळं झालं ते माझ्याच हातानं बसवलेलं आहे.

मी तलावांचा मिस्त्री. पाळीवर मातीच्या टोपल्या वाहता वाहता काम शिकलो आणि पुढं स्वतःची माणसं घेऊन कामं घेऊ लागलो. शाळा चौथीपर्यंत. सौदा करायला मात्र कोणाकडं शिकायला गेलो नाही. राग लवकर येतो, हे माझी बायको सांगेल आणि चांद्यापासून कुरखेड्यापर्यंतचे ओव्हरसियरही सांगतील.

आमच्याकडं धान तलावावर पिकतो. तलाव जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे. पाळ म्हणजे मातीचा बांध, आणि पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जी दगडी वाट असते तिला तुडुम म्हणतात. तलावाच्या आतल्या अंगानं दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी खुंटा. पाणी उतरेल तसा वरून खाली एकेक खुंटा काढायचा. ते काम पाणकराचं. तो बुडी मारतो, हातानं चाचपतो, खुंटा काढतो, परत ठोकतो. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी पाणी जाईल आणि किती वेळ, हेही तोच सांगतो आणि गाव ऐकतं.

कुरखेड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथला पाणकर सोमा. साठीच्या घरातला, काटक, अंगावर गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि खांद्यावर दुपट्टा. पावसाळा लागला की पाळीवरच्या मोहाखाली खोपडी घालायचा, तो धान कापून झाल्यावरच घरी यायचा. मुलीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा हा जागेवर नव्हता. तुडुमाचा आवाज बदलला म्हणून पाहायला गेला होता. व्याही रुसला. सोमा ओल्या धोतरानंच त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, आता बसला खुंटा, आता लावा लग्न.

मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाला. मालगुजार गेला, सोमा राहिला. त्याला कोणी नेमलं नाही, कोणी काढलंही नाही.

दोन पावसाळ्यांनी तुडुमाचा एक दगड सरकला. खुंटे कुजले होतेच. पाणी रात्रंदिवस वाहू लागलं. सोमा चिंध्या आणि चिकणमाती कोंबून भोकं बुजवायचा, चार दिवसांनी ती निघायची. लोक माझ्याकडं आले. काम माझ्या दृष्टीनं आठ दिवसांचं होतं. पण तलाव सरकारचा, त्याला ऑर्डरीशिवाय हात लावला तर केस. आम्ही अर्ज केले. महसूलवाले म्हणाले, तलाव पाटबंधाऱ्याकडं गेला. पाटबंधारेवाले म्हणाले, यादी आलेली नाही. मी दोन्ही ऑफिसांत भांडून आलो. एका ठिकाणी शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग मी लटारूभाऊंकडं गेलो. ते आमचे आमदार. स्वतः धानाचे शेतकरी, तोंडात कायम सुपारी, आणि नागपूरच्या सभागृहात वर्षभरात एकदाही न बोललेले. गावात त्यांची थट्टा चालायची. मीही सोडलं नाही.

"भाऊ, तुमाले आमी बोलाले पाठवलं का आयकाले?"

"आयकून राह्यलो अजून," ते म्हणाले. "सारेच बोलून राह्यले तं कोनी आयकाले पायजे न, मिस्त्री."

पण तुडुमाची गोष्ट त्यांनी नीट ऐकली. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत पाळीवर आले, सोमाच्या खोपडीत बसून त्याच्या हातचा चहा प्यायले. आणि तिथंच आम्ही प्रश्न लिहिला. भाऊंनी मला समजावलं की विधानसभेतले प्रश्न दोन जातींचे. एकाला लेखी उत्तर मिळतं, कागद येतो, काम संपतं. दुसऱ्यावर तारा असतो. त्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून तोंडानं द्यावं लागतं, आणि त्यावर लगेच आणखी विचारता येतं. त्या वरच्या प्रश्नाला पूरक प्रश्न म्हणतात. मूळ प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते. पूरक प्रश्नाची नोटीस नसते.

हे ऐकून मी सरसावून बसलो. बैलबाजारात मी आयुष्यभर हेच केलं होतं. आधी दात पाहायचे, वय विचारायचं, ज्याचं उत्तर विकणाऱ्याकडं तयार आहे ते विचारत राहायचं. लंगडतो का, हे शेवटी.

प्रश्न साधा लिहिला. सदर तलाव सरकारच्या ताब्यात आहे काय? त्याचा तुडुम नादुरुस्त आहे हे खरे काय? असल्यास शासनाने काय केले? भाऊंनी त्यावर तारा काढला. सोमानं तो कागद उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "यात माझं नाव आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं कागद परत दिला.

प्रश्न नागपूरहून खाली कसा उतरतो, ते मी त्या वर्षी पाहिलं. मंत्र्याकडून सचिवाकडं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला. म्हणजे ज्यानं काम केलं नाही त्याच्याच टेबलावर येतो, आणि उत्तर तोच लिहितो. पण त्याला तारखेच्या आत लिहावं लागतं. दोन वर्षं जी यादी सापडत नव्हती ती आठवड्यात सापडली. पोळ्यानंतर एक दिवस छकड्यात लोखंडी गेट घालून ओव्हरसियर गावात हजर. मलाच बोलावणं आलं.

मी काम घेतलं. चांगलं केलं. दगड बसवला, भोकं बुजवली, खाली लोखंडी गेट लावलं. वर चाक. चाक फिरवलं की गेट उचलतं, बुडी मारायची गरज नाही. मी खूश होतो. शेवटच्या दिवशी ओव्हरसियरनं पिशवीतून कडी आणि कुलूप काढलं.

मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, उत्तरात लिहायचं आहे की गेट दुरुस्त असून शासनाच्या नियंत्रणात आहे. कुलूप असल्याशिवाय नियंत्रण कसं दिसणार? मी म्हटलं, चावी सोमाकडं द्या. तो म्हणाला, सोमा कोण? रजिस्टरला पाणकर नाही. मी हुज्जत घातली. दुसरी चावी तरी गावात ठेवा म्हटलं. दुसरी जिल्ह्याला जाते म्हणाला. आणि मी, ज्यानं कधी पहिल्या बोलीवर सौदा केला नाही, त्यानं चरफडत ती कडी ठोकून दिली. चावी ओव्हरसियरच्या खिशातून तालुक्याच्या ऑफिसात गेली. बैलगाडीनं दीड दिवस.

त्यानंतर पाऊस गेला. धान पोटरीवर आला होता. पोटरी म्हणजे लोंबी पानाच्या पोटात असते, बाहेर यायची असते. त्या वेळी पाणी नसलं तर लोंबी येते पण दाणा भरत नाही. तलाव काठोकाठ, पाण्यावर ऊन चमकतंय, आणि खाली बांध्यांना भेगा.

चावी आणायला मी स्वतः गेलो. तिथल्या बाबूनं फाइल उघडून दाखवली. म्हणाला, उत्तर वर गेलं आहे. आता सभागृहात ते वाचलं जाईपर्यंत तलावाच्या स्थितीत बदल करता येत नाही. गेट बंद आहे असं लिहिलं आहे, तर ते बंदच पाहिजे. मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत उलटली. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

गावात परतलो तो घण घेऊनच पाळीवर गेलो. मागं अर्धं गाव. सोमा कुलपापाशी बसला होता. मी घण उचलला तसा त्यानं कुलपावर हात ठेवला.

"तोडू नको, मिस्त्री."

"सोमा, हात काढ. धान मरून राह्यला."

"मले काय दिसत नाई? तोडशील तं उद्या लिहितील, गावानं सरकारचं गेट तोडलं. मंग हे पानी आपलं कधीच होनार नाई." मग हळूच म्हणाला, "चार-पाच दिस धान दम धरते. मी पाह्यलं. भाऊले सांग."

घण खाली ठेवणं मला किती जड गेलं ते मलाच माहीत. चार दिवसांनी प्रश्न लागणार होता. मी वडशाहून रेल्वे धरली, नागभीडला गाडी बदलली आणि नागपुरात भाऊंच्या खोलीवर जाऊन बसलो. भाऊ चिडले. तार करतो, सचिवांना भेटतो म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, चावी हा शब्द उद्यापर्यंत कोणापाशी काढायचा नाही. काढला तर त्याचंही उत्तर तयार होईल.

दुसऱ्या दिवशी मी वर गॅलरीत बसलो. धोतराला काटे चिकटलेले तसेच. आमचा नंबर आला. तेव्हा नागपूर-जबलपूर एकाच राज्यात. मंत्री जबलपूरकडचे, त्यांनी हिंदीत वाचलं, "जी हाँ, तालाब शासन के अधिकार में है। गेट दुरुस्त है और शासन के नियंत्रण में है।" आणि ते बसले. समोरच्या बाकांवर कोणी मानही वर केली नाही. मला वाटलं भाऊ उठणारच नाहीत. ते उठले. सुपारी गालात सरकवली.

"चाबी कोनापाशी आहे?"

सभागृहात थोडी कुजबुज झाली. अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.

"गेटले कुलूप आहे. त्याची चाबी कोनापाशी आहे, एवढंच सांगा साहेबांनी."

मंत्र्यांनी मागं अधिकाऱ्यांच्या बाकाकडं पाहिलं. तिथं कागद उलटसुलट झाले. शेवटी ते म्हणाले, इसके लिए सूचना चाहिए. म्हणजे आधी नोटीस द्या.

भाऊ उभेच होते. "माह्यापाशी येळ आहे, साहेब. मी नोटीस देतो. पन धान पोटरीवर आहे. तो नोटिशीची वाट पाहात नाई."

लोक हसले. पण अध्यक्ष हसले नाहीत. ते शेतकऱ्याच्या घरचे असावेत. त्यांनी मंत्र्यांना सांगितलं की चावीचं काय ते आजच पाहा आणि सभागृहाला नंतर लेखी कळवा. भाऊ खाली बसले आणि गालातली सुपारी पुन्हा चघळू लागले. वर्षभर ऐकलेल्या माणसाचं हे पहिलं भाषण.

मी गावात पोचायच्या आधी चावी पोचली होती. तालुक्याचा शिपाई सायकल दामटत आला होता. सोमानं चाक फिरवलं, गेट उचललं, पाटाला पाणी लागलं. आणि मग तो अंगावरच्या धोतरानिशी तलावात उतरून बुडी मारून आला. मी म्हटलं, आता बुडीचं काय काम? तो म्हणाला, हात लावल्याबिगर पानी सुटलं असं मले वाटतच नाई. दूरच्या चार-दोन बांध्या गेल्या. बाकी धान आला. चावी तेव्हापासून त्याच्या करगोट्याला.

इथवर सगळं ठीक होतं. पुढच्या अधिवेशनात ते लेखी उत्तर छापून आलं. भाऊ पुस्तिका घेऊन माझ्याकडं आले आणि पान उघडून पुढं ठेवलं. लिहिलं होतं की चावी पूर्वीपासून स्थानिक पाणकर सोमा याच्याच ताब्यात होती; तो त्या काळात गैरहजर असल्यामुळं गेट उघडण्यास विलंब झाला.

मी उठून उभा राहिलो. मंत्र्यावर हक्कभंग आणा म्हटलं. म्हणजे सभागृहाला खोटं सांगितलं म्हणून जाब विचारायचा. भाऊही तयार होते. पण सोमाला विचारायला हवं होतं. त्याला पाळीवर वाचून दाखवलं. त्यानं पुस्तिका हातात घेतली.

"पाणकर सोमा, असं लिवलं आहे?"

"हो. पन बाकी खोटं लिवलं आहे न," मी म्हटलं.

"लिवू दे. तेवढं तं खरं आहे." त्यानं पानावर बोट ठेवलं. "मंग मले सरकारनं पाणकर मानलं. राहू द्या भाऊ. खोडू नका."

भाऊंनी हक्कभंग आणला नाही. पुढं मीच त्यांच्याकडून विचारवून घेतलं की सोमा पाणकर असेल तर त्याच्या नेमणुकीची ऑर्डर कुठं आहे. उत्तर आलं, माहिती गोळा करण्यात येत आहे. सोमा गेला तेव्हाही ती गोळा होत होती. पुस्तिकेचं ते पान त्याच्या मुलीनं अजून जपून ठेवलं आहे. लोक तिला अर्थ विचारतात, ती पहिलं अर्धं वाक्य सांगते.

एवढं मी शिकलो की सरकारला प्रश्न विचारला तर काम होतं, पण उत्तर कोण लिहितो तिकडंही डोळा ठेवावा लागतो. माझा राग मात्र गेलेला नाही. भाऊंचं सभागृह मला मिळणार नाही, म्हणून इथं विचारतो. ज्यानं ते वाक्य लिहिलं, ज्यानं त्यावर सही केली, त्यांच्यापैकी जो कोणी असेल त्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यावं. मुलीच्या वरातीत न सापडलेला, घणाखाली हात घालून बसलेला सोमा पाणकर पाळीवरून गैरहजर होता, हे कोणी पाहिलं?