तुडीलला ‘नाय’ न म्हणणारे मिस्त्री

पोलादपूरच्या आमच्या मिस्त्रींचं पहिलं उत्तर ‘नाय’ असायचं, तेही गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत. मोठा हॉर्न बसवायचाय? नाय. रुंद टायर? नाय. “कंपनीतली माणसं खुळी हायत काय?” एवढं विचारून ते परत बॉनेटखाली डोकं घालायचे. गिऱ्हाईक चरफडत जायचं आणि चार दिवसांनी मुकाट परत यायचं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून बिघाड सांगणारा दुसरा माणूस त्या बाजूला नव्हता.

अपवाद फक्त तुडीलचा. तुडील ही त्यांची सासुरवाडी आणि माझं गाव. त्यांची बायको आमच्या भावकीतली, माझी लांबची आत्या, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. एका शिमग्याला आत्या म्हणाली होती, पालखीला मला माहेरी सोडा. मामांनी एका ट्रकचं इंजिन उघडून ठेवलेलं, ते सवयीने ‘नाय’ म्हणून गेले. पुढचा शिमगा आत्याने पाहिला नाही. तेव्हापासून तुडीलच्या माणसाला त्यांनी कधी नकार दिला नाही. हे आमच्या सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि, सांगायला लाज वाटते, गाव त्याचा फायदा घ्यायचं. मीही त्यातलाच.

महाडच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. मग व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरला तो कोल्ड एअर इनटेकचा. इंजिनाला हवा पुरवणारा कंपनीचा काळा डबा काढायचा आणि त्याजागी चकचकीत पाइप नि उघडं फिल्टर बसवायचं. गाडीला जोर येतो म्हणतात. खरं सांगायचं तर मला घाटात घुमणारा तो आवाज हवा होता. दोन प्रकार मिळत होते. आखूड पाइपाचं फिल्टर वर बॉनेटखालीच राहतं, पण इंजिनाजवळची गरम हवा ओढतं. लांब पाइपाचं पार खाली बंपरमागे बसतं, तिथे हवा खरोखर थंड. मी पडलो अतिशहाणा, लांब पाइपाचंच मागवलं.

मामांनी पाइप उलटसुलट करून पाहिला. “थंड वारं मिळंल, पण पाणी पण मिळंल,” ते म्हणाले. “म्हस डुंबते तेव्हा नाक कुठं ठेवते? तू गाडीचं नाक खाली नेतोयस.” आखूड पाइप आण, आनंदाने बसवतो, असंही म्हणाले. पण माझ्या तोंडावर ‘नाय’ त्यांना म्हणवेना. आज गडबड आहे, उद्या क्लॅम्प आणतो, असं करत त्यांनी मला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी नको ते बोललो.

“मामा, नाय म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. गावात तसं सांगतो.”

मामांनी पाना उचलला आणि बंपर उतरवायला घेतला.

काम मात्र त्यांनी मनापासून केलं. पाइप खडखडू नये म्हणून पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं, जुन्या डब्यावरचा हवेचा सेन्सर नव्या पाइपावर नीट बसवला, इंजिन चालू ठेवून फिल्टरसमोर तळहात धरला, हवा कशी ओढली जाते ते पाहिलं. मग आम्ही आंबेनळी घाटात एक चक्कर मारली. चढाला आवाज घुमला तसं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कामाचा नाय, पण बरा हाय.” उतरताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. मिरगाच्या आधी ये, जुना डबा परत बसवू, पावसाळा गेला की पुन्हा तुझी हौस कर. मी हो म्हटलं. मिरग आला नि गेला. त्यांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी पुढच्या रविवारचा वायदा केला. आवाज सोडवत नव्हता, दुसरं काय!

आषाढात शेवटी एकदाचा गेलो. दुपारची वेळ होती. फळीवर ठेवलेला जुना डबा काढायला स्टुलावर चढलेले मामा तसेच खाली बसले. घामाने निथळत होते, डावा हात छातीशी. अँब्युलन्स महाडहून यायची, म्हणजे जायचा यायचा वेळ. मी त्यांना माझ्याच गाडीत घातलं.

महाडच्या अलीकडे हायवेवर दरडीची माती आली होती, गाड्या खालच्या रस्त्याने सोडत होते. तिथे पाणी होतं. फार नव्हतं, नडगीभर. माझ्या पुढची गाडी माझ्याच मॉडेलची होती, कंपनीच्या डब्याची. ती आरामात पलीकडे गेली. मी निम्म्यात असताना समोरून ट्रक आला, त्याची लाट बंपरवर आपटली आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

मी चावीला हात घातला. मामांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

“स्टार्टर मारू नको. पाणी गेलंय आत. इंजिन मोडंल.”

“मामा, इंजिन गेलं खड्ड्यात!”

“नाय,” ते म्हणाले.

मला मिळालेला त्यांचा तेवढा एकच नकार. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली, एका टेंपोवाल्याने मामांना घेतलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मला बाजूला नेलं. अर्धा तास आधी यायला हवं होतं म्हणाले.

दहाव्यानंतर महाडच्या एका मेकॅनिकने गाडीचे प्लग काढले, आतलं पाणी उडवलं. पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो म्हणाला, “परत स्टार्टर मारला नाहीत हे नशीब. कुणीतरी जाणकार होता वाटतं सोबत?” मी हो म्हटलं.

गाडी मी विकलेली नाही. रोज तिनेच कामावर जातो. इंजिन ठणठणीत आहे. कधीतरी ते सकाळी सुरूच होऊ नये, असं मला फार वाटतं.