भिंगमावशीचा खांदा

माझ्या मावशीने आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानलेली नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले, तर ती आतल्या खोलीत जाऊन दुसरं घड्याळ बघून येते, आणि दोघांत दोन मिनिटांचा फरक निघाला की तिला मनापासून बरं वाटतं. "ऑपरेशन उत्तम झालं" असं सर्जन म्हणाले, तेव्हा तिने बिछान्यातूनच विचारलं, "कशावरून?" इतक्या वर्षांत असं विचारणारी पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी. कारण ते उत्तर द्यायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले.

तिचा दोष नाही, तिचा धंदाच तसा होता. एकतीस वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. कापणारे कापत, शिवणारे शिवत, आणि सगळ्यांची पापं शेवटी हिच्या दिव्याखाली येत. सुटलेला टाका, एका अंगाला झुकलेला खिसा, काजापासून केसभर सरकलेलं बटण, जिथे खोट दिसेल तिथे लाल बाणाचं स्टिकर. चांगल्या शर्टाला मात्र काहीच चिकटवायचं नाही, तो मुकाट्याने वरच्या दांडीला अडकवायचा. त्यामुळे घरीसुद्धा तिच्या तोंडून कधी 'छान' ऐकल्याचं मला आठवत नाही. ती गप्प बसली की समजायचं, आपण पास. कारखान्यातल्या बायकांनी तिचं नाव 'भिंग' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि गुपचूप आवडतही होतं.

ते शर्ट दांडीला अडकवता अडकवता उजव्या खांद्यातला स्नायू फाटला, आणि शिवायची वेळ आली ती नेमकी महामारीत. तिच्या घरात दुसरं कुणी नाही, म्हणून पंधरा दिवसांसाठी मी आले आणि अडकले ती अडकलेच. मी गणिताची शिक्षिका. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मोबाइलसमोर वर्ग घ्यायचा, कॅमेरा बंद करून झोपलेल्या चाळीस पोरांना अपूर्णांक शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात मावशीच्या संशयाला उत्तरं द्यायची. तसं पाहिलं तर महामारीने तिचं आणि जगाचं पहिल्यांदाच एकमत करून दिलं होतं. सगळेच एकमेकांकडे तिच्या नजरेने बघायला लागले होते.

सर्जनांनी जाताना एकच बजावलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत व्यायामाने हात जितका सुटेल तितका सुटला. त्यात आळस झाला तर खांदा जखडेल, आणि मग हात डोक्यापर्यंत जाणं विसरा. मावशीला बाकी कशाचं काही नव्हतं. तिला रोज सकाळी आपला अंबाडा आपण घालायचा होता. कळायला लागल्यापासून तिने तो दुसऱ्या कुणाला घालू दिला नव्हता. आता तो माझ्याकडे आला होता आणि रोज आरशात बघून ती म्हणायची, "हा अंबाडा आहे की गोणीचं तोंड बांधलंयस?" मी रागाने पुन्हा सोडायचे, पुन्हा बांधायचे. बासष्टाव्या वर्षी कुणापुढे मान वाकवून बसायचं तिच्या किती जिवावर येतंय, हे मला तिच्या ताठ मानेवरून कळायचं.

गळ्यातली झोळी निघाल्यावर फिजिओथेरपीच्या नऊ फेऱ्या दवाखान्यात झाल्या. तिथली फिजिओ मॅडम म्हणजे डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा. माणूस म्हणून दिसायचे ते दोन डोळे आणि हातमोज्यांतले हात. पहिल्याच दिवशी मावशीने तिला खांदा दाखवून विचारलं, "तीन टाके आहेत, त्यातला एक तिरका घातलाय. दिसतोय का?" ती वाकली, पडदा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "एक नाही मावशी, दोन. मधलापण तिरका आहे." मावशी गप्प बसली आणि तिने हात त्या मुलीच्या स्वाधीन केला. त्या नऊ दिवसांत हात छातीपासून नाकापर्यंत आला.

मग पुन्हा सगळं बंद झालं. दवाखान्यातून निरोप आला, यापुढे व्यायाम व्हिडिओवर. आठवडाभर काहीच झालं नाही, आणि सोमवारी अकरा वाजता मोबाइलवर एक हसरी मुलगी उगवली. मास्क नाही, पडदा नाही, हातात पेन, मागे पुस्तकांचं कपाट.

"नमस्कार मावशी, कसा आहे खांदा?"

मावशीने पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. "ही ती नव्हे," ती मला म्हणाली.

"अगं, तू तिचं तोंड कधी बघितलंस? मास्क काढल्यावर सगळेच वेगळे दिसतात."

"तोंड गेलं उडत. ती डावरी होती. ही उजव्या हाताने लिहितेय."

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी तिला समजावलं की कॅमेऱ्यात आरशासारखं होतं, डावं ते उजवं दिसतं. इतकं ठासून सांगितलं की माझं मलाच पटलं. वास्तविक मी रोज मोबाइलसमोर वही धरून गणितं शिकवत होते, आणि पोरांना अक्षरं सुलटीच दिसत होती. समोरच्याला आरसा दिसत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. पण भांडण जिंकायच्या घाईत माणूस स्वतःचं डोकं वापरायचं विसरतो.

मावशीने मात्र तपासणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "माझं ऑपरेशन कधी झालं?" मुलीने तारीख सांगितली. "फायलीत असेल," मावशी मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली. मग मोठ्याने, "पहिल्या दिवशी टाक्यांबद्दल तू काय म्हणाली होतीस?" मुलगी हसली. "मावशी, दिवसाला इतके पेशंट असतात, कसं लक्षात राहणार?" मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू खिशाखालचा सुटलेला टाका सापडला. माझ्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण दहा मिनिटांत माझा वर्ग होता.

तेव्हापासून व्यायामाचे तीन तेरा वाजले. पुढे वाकून हात लोंबता सोडून गोल फिरवायचा, तो ती फिरवी. काठी दोन्ही हातांनी धरून वर न्यायची, ती नेई. पण उताणं झोपून मी कोपराखाली हात घालून तिचा हात हळूहळू डोक्याकडे न्यायचा, हा खरा व्यायाम तिने साफ नाकारला. "ती सांगणार, तू ढकलणार, आणि फाटलं तर माझं फाटणार. हिची आधी शहानिशा होऊ दे."

"शहानिशा होईस्तोवर खांदा जखडेल!"

"जखडू दे. माझा खांदा आहे."

मला इतका राग आला की मी तिला म्हटलं, "मग राहा जन्मभर गोणीचं तोंड घेऊन." म्हटलं आणि लगेच वाईट वाटलं. ती उठली. खिडकीशी जाऊन समोरच्या गच्चीवर कोण मास्क न लावता फिरतंय ते बघत बसली.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम होता. बोटं पोचतील तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायची. बारा दिवस रेघ नाकासमोरच होती, आणि तेराव्या दिवशी एकदम चार बोटं वर गेली. मी आनंदाने टाळी वाजवणार, तेवढ्यात मोबाइलमधून आवाज आला, "मावशी, हात नाही चढलाय. तुम्ही खांदाच कानाकडे उचललाय. आणि टाचापण."

मी खाली बघितलं. मावशी चवड्यांवर उभी होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या खोटी काढणारी बाई भर दिवसा खोटा माल पास करून घेत होती! ती सावकाश टाचांवर आली. मला वाटलं, आता मोबाइल खिडकीबाहेर जाणार. पण ती म्हणाली, "नजर आहे पोरीला." आणि व्हिडिओ बंद झाल्यावर, "नजर आहे. पण ही ती नव्हे."

आता मात्र माझ्या नाकी नऊ आले होते. तीन महिन्यांतले जेमतेम पाच आठवडे उरले होते. म्हटलं, हा संशयाचा किडा एकदाचा मारून टाकावा. तिच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला, स्पीकर चालू केला आणि रिसेप्शनवरच्या बाईंना म्हटलं, "मावशींना जरा समजावून सांगा हो. व्हिडिओवरच्या मॅडम त्याच आहेत ना, आधीच्याच?"

त्या म्हणाल्या, "थांबा हं. मी मॅडमनाच फोन करायला सांगते."

मावशी माझ्याकडे बघत होती. 'बघ, मी सांगत नव्हते?' असं तिने तोंडाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पाच मिनिटांत व्हिडिओ आला. मुलगी हसत नव्हती.

"मावशी, मी ती नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघी एकत्र शिकलो, एकाच दवाखान्यात काम करतो. दवाखाना बंद झाला त्याच आठवड्यात तिला ताप आला. ती हॉस्पिटलमध्ये आहे, ऑक्सिजनवर. आज तीन आठवडे झाले."

"मग सांगायला काय झालं होतं?" मीच ओरडले.

"तिनेच सांगू नको म्हटलं. बाकी सगळ्या पेशंटना सांगितलं, फक्त तुम्हाला नाही. म्हणाली, त्या मावशी नव्या माणसावर विश्वास ठेवणार नाहीत, व्यायाम सोडतील, आणि त्यांचे हेच दिवस महत्त्वाचे आहेत." मुलीने डोळे पुसले. "तिला बोलवत नाही. रोज संध्याकाळी मेसेज टाकते. मावशींचा हात कुठपर्यंत आला, एवढंच विचारते."

"आणि तू काय सांगतेस?" मावशीने विचारलं.

"जे असेल ते. नाकापर्यंत."

"रोज नाकापर्यंत?"

"रोज."

मावशी खाली बसली. तिचा संशय शंभर टक्के खरा निघाला होता. असा दिवस तिच्या आयुष्यात सणासारखा जायला हवा, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. तिकडे एक पोर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलीय आणि विचारतेय, आणि इथे ही बाई दोन आठवडे हट्टाने हात आवळून बसलीय. मला तिचा राग आला, कीव आली, आणि स्वतःचीही लाज वाटली. मी तरी काय, आरशाचे धडे देत बसले होते.

"आज तिला वेगळं सांग," मावशी म्हणाली. "सांग, हात डोक्यामागे गेला. अंबाडा माझा मी घातला."

"मावशी, ती विश्वास नाही ठेवणार. फोटो मागेल."

"मग फोटो काढ."

तिने मला केस विंचरायला बसवलं. त्या दिवशी माझ्या हातून अंबाडा घट्ट झाला, आणि ती काहीच बोलली नाही. मग ती खुर्चीत मोबाइलकडे पाठ करून बसली. डावा हात सहज डोक्यामागे गेला. उजवा नाकापाशी येऊन अडला.

"धर कोपर," ती मला म्हणाली. "खालून धर, फोटोत येऊ नकोस."

मी खुर्चीशेजारी उकिडवी बसले आणि कोपराखाली तळवा लावला. दोन आठवड्यांत तिने मला पहिल्यांदाच त्या हाताला हात लावू दिला होता.

"हळूहळू वर घ्या," मोबाइलमधली मुलगी म्हणाली. "झटका नको. मावशी, श्वास सोडा. अजून. अजून थोडं."

हात कपाळापर्यंत आला. मावशीच्या घशातून आवाज निघाला. मी म्हटलं, "थांबू?"

"फोटो निघाला का?"

"नाही अजून."

"मग थांबतेस कशाला?"

हात कानावरून मागे गेला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दातांवर दात होते, आणि एकाएकी तिची बोटं अंबाड्याला टेकली. ती बोटं केसांवर चाचपडत राहिली. मुलीने फोटो काढला, तरी मावशी पुढचं मिनिटभर हात खाली घेऊ देईना.

संध्याकाळी सात वाजता त्या मुलीने हॉस्पिटलमधून आलेला मेसेज जसाच्या तसा मावशीच्या मोबाइलवर पाठवला. मावशीने तो चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला, आणि मग माझ्या हातात दिला.

'फोटो मस्त. पण कोपराखाली चार बोटं कुणाची आहेत? भाचीची असतील तर तिला सांगा, पकड बरोबर आहे. रोज दहा वेळा.'

मावशी हसली की रडली, मला नीट कळलं नाही, कारण ती तोवर आतल्या खोलीत गेली होती. मी मागोमाग गेले. ती पलंगावर उताणी झोपली होती, आणि उजवा हात तिने माझ्याकडे पुढे केला होता.

"धर," ती म्हणाली. "आणि मी ओरडले तर सोडू नकोस."